जुन्या वेलींची झिनफँडेल: तोडणीच्या दिवशीचा ब्रिक्स आणि दोन दिवसांनंतरचा ब्रिक्स

प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियातल्या लोडायच्या एका बागेतून जुन्या वेलींची झिनफँडेल ही लाल वाइनची द्राक्षं मिळणार आहेत, अर्धा अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ४५४ किलो. बागवाला २५ ब्रिक्स सांगतो, म्हणजे रसात वजनाने साधारण २५ टक्के साखर. वाइन घरच्या गॅरेजमध्ये करायची आहे. गेल्या हंगामात आंबणं मध्येच थांबलं आणि वाइन गोडसर राहिली. यंदा काय सांभाळायचं? आणि ‘ओल्ड व्हाइन’ला जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे का?

आधी गेल्या वर्षीचं बघू, कारण बाकीच्या बहुतेक गोष्टी त्यातूनच निघतात. झिनफँडेल एकसारखी पिकत नाही. एक घड हातात घेऊन उलटासुलटा करून पाहा. वरच्या खांद्याच्या पाकळीत दोन-चार मणी अजून गुलाबी, एखादा चक्क हिरवा. मधले मणी काळेभोर, रसरशीत. उन्हाच्या बाजूचे सुरकुतलेले, आणि आत कुठेतरी दोन-तीन पार मनुका झालेले. हा बागवाल्याचा हलगर्जीपणा नव्हे, वाणाचा स्वभावच तसा आहे. रिफ्रॅक्टोमीटरवर (रसाच्या थेंबातली साखर दाखवणाऱ्या उपकरणावर) किंवा चिरडलेल्या रसात आकडा येतो तो मुख्यतः रसरशीत मण्यांचा. मनुका झालेल्या मण्यातली साखर त्यात धरलेलीच नसते. खिरीत टाकलेला बेदाणा दूध पिऊन फुगतो, तसे हे मणी रसात पडले की फुगतात आणि आपली साखर हळूहळू सोडतात. याला २४ ते ४८ तास लागतात. एवढ्या वेळात ब्रिक्स १ ते ३ अंशांनी वर जातो. म्हणजे बागवाल्याने सांगितलेला २५ खोटा नाही, पण तुमच्या टाकीत तो २७ निघू शकतो. ब्रिक्सला साधारण ०.५९ ने गुणलं तर अल्कोहोलचा अंदाज येतो: २५ ला पावणेपंधरा टक्के, २७ ला सोळाच्या आसपास. पावणेपंधरासाठी निवडलेलं यीस्ट आणि दिलेलं खाद्य सोळाला पुरत नाही. गेल्या वर्षी बहुधा नेमकं हेच झालं असावं.

म्हणून पहिला नियम: पाणी, आम्ल, यीस्ट, खाद्य यांपैकी कशाचाही निर्णय तोडणीच्या दिवशीच्या आकड्यावर घ्यायचा नाही. द्राक्षं फोडा, थंड ठेवा, दिवसातून दोनदा हलवा आणि ४८ तासांनी पुन्हा मोजा.

जुन्या वेलीचं म्हणाल, तर अमेरिकेत लेबलवरच्या ‘ओल्ड व्हाइन’ला कायद्याची व्याख्या नाही. पंचवीस वर्षांच्या बागेलाही कोणी ते लावलं तर अडवणारं कोणी नाही. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेने २०२४ मध्ये ३५ वर्षं ही मर्यादा सुचवली. कॅलिफोर्नियातली हिस्टॉरिक व्हिनयार्ड सोसायटी जास्त कडक आहे: लागवड किमान ५० वर्षांपूर्वीची हवी आणि आजच्या वेलींपैकी निदान एक तृतीयांश वेली मूळ लागवडीच्या हव्यात. तेव्हा बागवाल्याला सरळ दोन गोष्टी विचारा: हा तुकडा कोणत्या वर्षी लावला, आणि मेलेल्या वेलींच्या जागी किती नव्या लावल्या.

लोडायमध्ये शंभरी पार केलेल्या वेली आहेत, त्यामागे तिथली वाळूसर जमीन आहे. फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड वाळूत तग धरत नाही, त्यामुळे तिथल्या बऱ्याच वेली आजही स्वमुळावर, कलमाशिवाय उभ्या आहेत. ड्राय क्रीक, सोनोमा आणि अमाडोर काउंटीतही जुन्या बागा आहेत. सोनोमातली बेडरॉक ही बाग १८८८ च्या लागवडीची. या बागांमधल्या वेलींना तार नाही, मांडव नाही. गुडघा-मांडीएवढं जाड, वाकडं खोड, त्याच्या डोक्यावर चार-सहा फांद्या आणि प्रत्येक फांदीवर दोन डोळ्यांची छाटणी. नाशिकच्या इंग्रजी ‘वाय’ आकाराच्या मांडवाची सवय असलेल्या डोळ्यांना ती बाग नव्हे, झुडपांचं रान वाटेल. अनेक ठिकाणी ठिबकही नाही, हिवाळी पावसाच्या ओलीवर पीक येतं. एकरी उतारा साधारण १ ते ३ टन.

फरक पडतो का? पडतो, पण वयाची जादू म्हणून नव्हे. घड कमी आणि लहान, मुळं खोल, त्यामुळे सप्टेंबरच्या उष्णतेच्या लाटेत वेल एकदम कोलमडत नाही. शिवाय गेल्या शंभर वर्षांत ज्या बागा सुमार होत्या त्या उपटल्या गेल्या. उरल्या त्या मुळात चांगल्या जागी लावलेल्या होत्या, आणि हे श्रेय लोक नकळत वयाच्या खात्यावर टाकतात. उलट बाजूही आहे. जुन्या वेलींत लीफरोल विषाणू सर्रास असतो, त्याने साखर उशिरा भरते आणि रंग फिका राहतो. खोड आतून वाळवणारा युटायपा हा रोगही असतो. तेव्हा नुसत्या वयाला जास्त भाव देऊ नका. द्या तो कमी उताऱ्याला, निरोगी घडाला, आणि आणखी एका गोष्टीला: मिश्र लागवडीला.

जुनी बाग बहुतेकदा निव्वळ झिनफँडेलची नसतेच. त्या काळच्या लोकांनी मध्ये मध्ये पेटिट सिरा, कॅरिन्यान, मूर्वेद्र, आलिकांत बूशे अशी झाडं लावून ठेवली आहेत. त्याला हिशेब होता. झिनफँडेलची साल पातळ, रंग आणि टॅनिन (तुरटपणा) मध्यम. पेटिट सिराने दोन्ही भरतात, कॅरिन्यान आम्ल देतं, आणि आलिकांतचा तर गरही लाल असतो. ही वेगळी निवडत बसू नका, एकत्रच आंबवा. अमेरिकेत लेबलवर वाणाचं नाव घालायला ७५ टक्के तो वाण पुरतो, त्यामुळे मोठे उत्पादकही हेच करतात.

वाणाच्या मुळाचा शोध गमतीदार आहे. झिनफँडेल ही अमेरिकेची म्हणून मिरवली गेली, पण १८२० च्या दशकात ती व्हिएन्नाहून पूर्व किनाऱ्यावर आली आणि सोन्याच्या धांदलीनंतर कॅलिफोर्नियात रुजली. डेव्हिस विद्यापीठाच्या कॅरोल मेरेडिथ आणि झाग्रेबचे संशोधक यांनी २००१ मध्ये क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या बागेत तिची जुळणारी वेल शोधली. तिथलं नाव त्स्र्लेनाक काश्तेलान्स्की, त्याहून जुनं त्रिबिद्राग. दक्षिण इटलीतला प्रिमितिवोही हाच वाण. दारूबंदीच्या काळात, १९२० ते १९३३, घरगुती वाइनला मिळालेल्या सवलतीमुळे या बागा तगल्या. पुढे १९७० च्या दशकात सटर होम या वाइन कंपनीची गोडसर गुलाबी ‘व्हाइट झिनफँडेल’ खपू लागली आणि या बागा पुन्हा वाचल्या. गंमत अशी की त्या गोड वाइनचं मूळही १९७५ मधल्या एका थांबलेल्या आंबण्यातच आहे. तुम्ही एकटे नाही.

आता कामाला लागू.

बागेत आणि निवडीच्या टेबलावर

बागवाल्याला विचारायचा तिसरा प्रश्न: भुरीसाठी गंधकाची शेवटची धुरळणी कधी केली? तोडणीच्या आधी पाच-सहा आठवडे गंधक बंद असलेलं बरं. साल-देठावर उरलेलं गंधक आंबताना सडक्या अंड्याचा वास देतं आणि मग तुम्ही विनाकारण यीस्टला दोष देता.

द्राक्षं पहाटेची तोडलेली, थंड हवीत. निवडताना हिरवे आणि कडक गुलाबी खांदे कात्रीने उडवा. बगलफुटीवर उशिरा आलेले छोटे घड पूर्ण बाजूला काढा, ते गोड नसतात आणि आंबट-तुरट चव देतात. मऊ गुलाबी मणी थोडे राहिले तर चालतील, आम्लाला मदतच होते. मनुका झालेल्या मण्यांचं काय? शंभरात पाच-सात असतील तर ठेवा, जॅमसारखी जी चव लोकांना या वाइनमध्ये आवडते ती तिथूनच येते. त्याहून जास्त असतील तर निवडून कमी करा. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घड नाकाशी न्या. झिनफँडेलचा घड दाटीचा असतो, आतला मणी फुटला की आतल्या आत कुजतो आणि बाहेरून दिसत नाही. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा वास आला की तो घड थेट कचऱ्यात. असे चार घड सबंध बिनचं, म्हणजे आंबवायच्या उघड्या टाकीचं, व्हिनेगर-आम्ल वाढवतात आणि ते नंतर कशानेही काढता येत नाही.

देठ काढून मणी फोडा, पण अगदी चेंदामेंदा नको. थोडे अख्खे राहू द्या. अर्ध्या टनातून साधारण ३०० लिटर रस धरा, पुढचे सगळे हिशेब त्यावर आहेत. फोडतानाच पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घाला. निरोगी मालाला ३० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड प्रति लिटर पुरतो, म्हणजे पावडर १६ ग्रॅम. कूज दिसली असेल तर ५० मिलिग्रॅम, म्हणजे २६ ग्रॅम. कोमट पाण्यात विरघळवून चारही कोपऱ्यांत पसरा.

दोन दिवसांची भिजवण

तापमान १० ते १२ अंशांवर धरा. गॅरेजमध्ये हे पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्यांनी जमतं. बाटल्या बाहेरून निर्जंतुक करून बुडवा आणि बदलत राहा. वरून स्वच्छ चादर ताणून बांधा, नाहीतर फळमाश्या येतातच. तापमान १५ च्या वर टिकत असेल तर दोन दिवस थांबण्याचा हट्ट नको. एक दिवसानंतर यीस्ट घाला आणि ब्रिक्स दीड-दोनने वाढणार हे गृहीत धरून हिशेब करा.

४८ तासांनी नीट ढवळून ब्रिक्स, पीएच (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) आणि एकूण आम्ल मोजा. यीस्टला उपलब्ध नायट्रोजन प्रयोगशाळेतून तपासून घ्या. त्याचे पैसे वाचवू नका, जुन्या कोरडवाहू बागांमध्ये तो हमखास कमी निघतो.

समजा २७ निघाला. तुम्हाला २५ हवा. ३०० लिटर गुणिले २, भागिले २५: २४ लिटर पाणी. घनतेचा फरक धरला तर सत्तावीसच्या आसपास लागतं, म्हणून आधी २४ घाला, ढवळा, मोजा, मग उरलेलं. पाणी क्लोरीनविरहित हवं आणि त्यात लिटरला ६ ग्रॅम टार्टरिक आम्ल आधी विरघळवायचं, नाहीतर साखरेबरोबर आम्लही पातळ होतं. वाइनमध्ये पाणी म्हटलं की अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण वेलीवरच उडून गेलेलं पाणी परत द्यायचं आहे, आणि सोळा टक्क्यांची अर्धवट गोड वाइन हा त्याहून वाईट पर्याय आहे. रंग-चव पातळ होईल अशी भीती असेल तर आधी तेवढाच रस गाळून काढा आणि मग पाणी घाला. काढलेल्या रसाची वेगळी गुलाबी वाइन होते.

पीएच ३.५ ते ३.५५ वर आणा. लिटरला १ ग्रॅम टार्टरिकने तो साधारण ०.१ ने उतरतो. ३.७५ असेल तर २ ग्रॅमप्रमाणे एकूण ६०० ग्रॅम, पण दोन हप्त्यांत. इथे कंजूषी केली तर पुढे महागात पडते: मनुकांच्या सालीतलं पोटॅशियम आंबताना बाहेर येतं, मॅलिक आम्लही जातं, आणि पीएच शेवटी ०.१ ते ०.२ ने चढतोच.

यीस्ट आणि खाद्य

पंधरा-सोळा टक्के सोसणारं यीस्ट घ्या. बाजारातल्या जातींपैकी डी-८० किंवा डी-२५४ चवीला चांगली. ईसी-१११८ सगळ्यात दणकट, पण तिच्यात फळाची मजा कमी. गेल्या वर्षीचा धसका असेल तर तीच घ्या, त्यात कमीपणा नाही. ३०० लिटरला ७५ ग्रॅम यीस्ट आणि ९० ग्रॅम गो-फर्म, म्हणजे यीस्ट भिजवतानाचं खाद्य. गो-फर्म १.८ लिटर पाण्यात ४३ अंशांवर विरघळवा, ४० वर उतरलं की यीस्ट टाका, वीस मिनिटं थांबा. मग बिनमधला रस थोडा थोडा मिसळत तापमान खाली आणा. यीस्टचं पाणी आणि रस यांत दहा अंशांहून जास्त फरक असताना ओतलं तर निम्मं यीस्ट तिथेच मरतं. या भांड्यात डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, नायट्रोजन देणारा क्षार) चुकूनही घालू नका, भिजणाऱ्या यीस्टला ते विष आहे.

२५ ब्रिक्सला उपलब्ध नायट्रोजन लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आसपास हवा. अहवालात १६० आला असेल तर तूट ९० ची. फर्मेड-के हे यीस्टचं मिश्र खाद्य ७५ ग्रॅम आणि डीएपी ९० ग्रॅम यांनी ती जवळपास भरते. निम्मं मिश्रण ब्रिक्स दोन-तीनने उतरल्यावर द्या, उरलेलं एक तृतीयांश साखर संपल्यावर. ब्रिक्स १० च्या खाली गेल्यावर डीएपी देऊन उपयोग नाही, तोवर अल्कोहोलमुळे यीस्टला नायट्रोजन आत घेता येत नाही. उरतं ते नको त्या जंतूंना मिळतं.

तापमान २६ ते ३० अंश. ३२ ला सावध व्हा, गोठवलेल्या बाटल्या पुन्हा काढा. ३४-३५ ला गेलं तर यीस्ट लगेच मरत नाही, पण त्याची शेवटपर्यंत टिकण्याची ताकद जाते, आणि त्याची शिक्षा आठ दिवसांनी मिळते. उलट शेवटी ऑक्टोबरच्या रात्री गॅरेज गार पडतं, तेव्हा बिनला गोधडी गुंडाळून २२ च्या खाली जाऊ देऊ नका. बिन भरताना वर एक चतुर्थांश जागा मोकळी सोडा. सालींचा थर दिवसातून तीनदा खाली दाबा, जोर ओसरल्यावर दोनदा. गॅरेजचं दार उघडं ठेवा. कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो, आणि बंद जागेत बिनमध्ये डोकं घालून काम करणं जिवावर बेतू शकतं.

दाबण्याच्या दिवसाचा चकवा

हायड्रोमीटर (घनतेवरून साखर दाखवणारं उपकरण) शून्याच्या खाली गेला म्हणजे वाइन कोरडी झाली, साखर संपली, असं झिनफँडेलमध्ये कधीही समजू नका. वरच्या थरात अडकलेल्या मनुकांमध्ये अजून साखर असते. तुम्ही दाबता तेव्हा ती बाहेर पडते आणि उणे एक दाखवणारी वाइन अधिक अर्धा-एक दाखवू लागते. शिवाय पंधरा टक्के अल्कोहोलमध्ये घनता आपोआप खाली येते, म्हणून उणे दीडलाही चार-पाच ग्रॅम साखर लपून राहू शकते. ब्रिक्स शून्याच्या आसपास आला, बी चावून करकरीत लागली आणि तुरटपणा पुरेसा वाटला की दाबा. अगदी तळाला पोचायची वाट पाहू नका. जोरात दाबून निघालेली वाइन वेगळ्या भांड्यात ठेवा. बूच सैल ठेवा, सल्फाइट घालू नका, तापमान २० ते २२ धरा आणि उरलेलं आंबणं होऊ द्या. ग्लुकोज-फ्रुक्टोजची तपासणी लिटरला २ ग्रॅमखाली आली की ती कोरडी.

आणि थांबलीच तर? नुसतं आणखी यीस्ट भुरभुरवून काही होत नाही. पंधरा टक्के अल्कोहोलमध्ये कोरं यीस्ट पडलं की मरतं. उरलेली साखरही मुख्यतः फ्रुक्टोज असते, जी यीस्टला नावडती. आधी यीस्टच्या सालपटांची पावडर ७५ ग्रॅम घालून एक-दोन दिवसांनी वरची वाइन निथळून घ्या. मग त्यातली साडेसात लिटर वाइन आणि तेवढंच पाणी एकत्र करा, साखर घालून ५ ब्रिक्सवर आणा आणि त्यात १५० ग्रॅम ईसी-१११८ किंवा युव्हाफर्म ४३ नीट भिजवून घाला. ब्रिक्स निम्मा झाला की ६० लिटर वाइन मिसळा, पुन्हा साखर निम्मी होईपर्यंत थांबा, पुन्हा ६०. घाई केली की पुन्हा थांबते, आणि दुसऱ्यांदा थांबलेली वाइन सहसा वाचत नाही.

मॅलोलॅक्टिकसाठी, म्हणजे मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करण्यासाठी, जीवाणू यीस्टनंतर २४ तासांनी घालणं या वाणाला सोयीचं. तेव्हा अल्कोहोल नसतो. शेवटी घातले तर पंधरा टक्क्यांत ते महिनोन् महिने रेंगाळतात. व्हीपी-४१ सारखं अल्कोहोल सोसणारं वाण घ्या. मात्र आंबणं रखडताना दिसलं तर या जीवाणूंवर लक्ष ठेवा, साखर शिल्लक असताना ते व्हिनेगर-आम्ल बनवू शकतात.

पिंप आणि बाटली

दाबल्यानंतर एक-दोन दिवसांनी जाड गाळ सोडून वाइन काढा. हाती साधारण २७० लिटर येईल: एक २२५ लिटरचं पिंप आणि वरभरणीसाठी २३ लिटरच्या दोन काचेच्या बरण्या. नवं कोरं पिंप एकट्या या वाइनला जड होईल. तीन-चार वर्षं वापरलेलं घ्या आणि ओकची छाप हवी असेल तर भाजलेले तुकडे लिटरला २ ग्रॅमप्रमाणे दोन-तीन महिने लटकवा. अमेरिकन ओक आणि झिनफँडेलची जोडी जुनी आहे, रिजसारखे नावाजलेले उत्पादकही तोच वापरतात. दर तीन-चार आठवड्यांनी पिंप काठोकाठ भरा. मॅलिक संपल्याची खात्री झाली की सल्फाइट: पीएच ३.६ ला मुक्त सल्फर डायऑक्साइड ३० च्या वर, ३.८ ला जवळजवळ ५० मिलिग्रॅम लागतो. पीएच आधीच उतरवायला का सांगितलं ते इथे कळेल.

नऊ ते बारा महिन्यांनी बाटलीत भरा. कोरडी असेल तर गाळणीशिवायही चालतं. लिटरला ३-४ ग्रॅम साखर राहिली असेल तर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढल्याशिवाय भरू नका, नाहीतर उन्हाळ्यात बुचं उडतील.

घरगुती वाइनला अमेरिकेत प्रौढ एकट्याला वर्षाला १०० गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन मुभा आहे, विकायची मात्र नाही. हे वाचून नाशिककडे कोणी हात शिवशिवत असेल, तर महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बाकी झिनफँडेल नाशिकलाही आहे. सुला या तिथल्या वाइन कंपनीने ती लावली आणि त्यांचे सुरुवातीचे सल्लागार केरी डॅमस्की कॅलिफोर्नियाचेच होते. तिथे वेल हिवाळ्यात झोपत नाही, एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी यांवर पीक येतं, तोडणी जानेवारी ते मार्च. घडाची दाटी आणि असमान पिकणं तिथेही सुटत नाही, आणि तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला की कूज आणखी लवकर लागते. तेव्हा घड नाकाशी नेण्याची सवय तिथेही तितकीच कामाची.